एक नंबर मोठा घेऊ नका: स्कीच्या बुटात पाय दुखू नयेत म्हणून

लातूरच्या गंजगोलाईत शाळेचे बूट घ्यायला गेलं की आई दुकानदाराला आधी हेच सांगायची, "एक नंबर मोठाच द्या ओ, पोराचा पाय वाढायलाय." पुढे बोटांपाशी कापूस कोंबायचा आणि जोड दोन वर्षं ओढायचा. आपल्याकडच्या बहुतेक घरांत बूट असेच आले आहेत.

हीच सवय मी बर्फात घेऊन गेलो. पहिल्या स्की कोर्सला (कुठला ते राहू द्या) आम्हाला बुटांच्या ढिगासमोर उभं केलं आणि "अपना-अपना देख लो" म्हणाले. मी चार जोड घालून पाहिले आणि ज्यात पाय सगळ्यात ऐसपैस बसला तो उचलला. नंबर २८. तिसऱ्या दिवशी दोन्ही अंगठ्यांची नखं काळी पडली होती आणि नडगीवर हात लावू देत नव्हतो. पाचव्या दिवशी सगळे उतारावर आणि मी चहाच्या टपरीवर. पुढच्या हिवाळ्यात एका जुन्या प्रशिक्षकाने पाय मोजून २६.५ चा बूट दिला. घालताना जीव नकोसा झाला, पण त्या वेळी चौदा दिवस पूर्ण केले आणि नखं शाबूत घेऊन घरी आलो.

आता मराठवाड्यातूनही पोरं-पोरी औली, गुलमर्ग, मनालीला स्की शिकायला जायला लागली आहेत. गुलमर्गला केंद्र सरकारची स्कीइंग आणि गिर्यारोहणाची संस्था आहे, औलीला गढवाल मंडळ विकास निगमचे कोर्स असतात. जाणारे थंडीची तयारी जोरात करतात, जाकिटं, हातमोजे, टोप्या. पायाचा विचार कुणी करत नाही, आणि कोर्स अर्धवट सुटतो तो मात्र पायामुळेच.

सैल बूट जास्त का दुखतो

चप्पल सैल असली तर फार तर फटफट वाजते. स्कीचा बूट वेगळ्या कामाचा आहे. तो म्हणजे एक दांडा आहे असं समजा. नडगीने बुटाची जीभ पुढे दाबली की तो दाब पावलातून स्कीवर, म्हणजे पायाखालच्या लांब पट्टीवर, उतरतो आणि स्की वळते. पाय आत हलत असेल तर हा दाब वाटेतच हरवतो. मग तुम्ही काय करता? बकलं आवळता. बूट लांबीला मोठा असल्यामुळे टाच तरीही उचलतेच, पण आवळलेलं बकल पावलाच्या वरच्या हाडावर बसतं. तिथून बोटांकडे जाणारी रक्तवाहिनी आणि मज्जातंतू दोन्ही कातडीच्या अगदी खाली असतात. ते दाबले की बोटं बधिर होतात, मग गार पडतात. माणूस म्हणतो बूट घट्ट आहे, आणि उद्या आणखी मोठा मागतो.

दुसरा गैरसमज कोल्हापुरीतून येतो. नवी चप्पल चावते, तेल लावतो, आठवड्यात कातडं मऊ पडतं. स्कीच्या बुटाचं बाहेरचं कवच, म्हणजे शेल, कडक प्लास्टिकचं असतं. ते दहा वर्षांनीही आपोआप सैल होत नाही. दबतो तो आतला फोमचा मोजा, म्हणजे लायनर. म्हणून नवा बूट पहिल्या दिवशी "जरा जास्तच आवळ" वाटला पाहिजे, आणि भाड्याचा जुना बूट, ज्याचा लायनर शंभर पायांनी आधीच दाबलाय, तो पहिल्या क्षणी आरामशीर वाटला तर संशय घ्यायचा.

निघण्याआधी, घरीच

मोजमाप संध्याकाळी करा, दिवसभराने पाय थोडा फुगलेला असतो. भिंतीला टाच टेकवून कागदावर उभं राहायचं, पूर्ण वजन त्याच पायावर टाकायचं आणि सगळ्यात पुढच्या बोटाशी खूण करायची. काहींचं अंगठ्याशेजारचं बोट लांब असतं, तेव्हा खूण त्या बोटाची. भिंतीपासून खुणेपर्यंतचं अंतर सेंटिमीटरमध्ये, हाच तुमचा स्की बुटाचा नंबर. या मापाला माँडोपॉइंट म्हणतात. पाय २६.४ भरला तर बूट २६.५ चा. दोन्ही पाय मोजा, बहुतेकांचे सारखे नसतात. मोठ्या पायाचा आकडा धरा, लहान पायाची मोकळी जागा बुटात घालायच्या सोलने भरून काढता येते. मी बाजारात आठ नंबरचा बूट घेतो, पण भिंतीशी मोजला तर पाय २६.३ भरला. म्हणून आठ-नऊच्या हिशेबावर भरवसा ठेवू नका.

मग रुंदी. बोटांच्या मुळाशी पाऊल सगळ्यात रुंद असतं तिथे दोन्ही बाजूंना खुणा करून अंतर मोजा. बारा महिने स्लिपर किंवा चपला घालणाऱ्यांचा पंजा बहुधा पसरट असतो, आणि आपल्यापैकी बहुतेक त्याच जातकुळीतले. बुटाची रुंदी मिलिमीटरमध्ये सांगतात: ९७-९८ अरुंद, १०० मध्यम, १०२ च्या पुढे रुंद. हा आकडा कंपन्या साधारण २६.५ च्या बुटासाठी सांगतात, लहान-मोठ्या नंबरात तो त्या प्रमाणात बदलतो. पंजा पसरट असेल तर उपाय रुंद बूट हा आहे, लांब बूट नव्हे. हे वाक्य तिथल्या गर्दीत आठवलं पाहिजे, कारण समोरचा माणूस हमखास म्हणतो, "चौडा पैर है? एक नंबर बडा ले लो."

पावलाची कमान बघायला काही लागत नाही. पाय ओला करा आणि अंगणातल्या शहाबादी फरशीवर उभे राहा. अख्खं पाऊल उमटलं तर पाय सपाट, मधला भाग अगदी बारीक उमटला किंवा तुटला तर कमान उंच. सपाट पाय बुटात वजन पडलं की पसरतो आणि लांब होतो. उंच कमानीवर वरचं बकल टोचतं. दोघांनीही आधार देणारे सोल सोबत न्यावेत.

घोट्याची लवचिकताही आपल्या पद्धतीने तपासता येते. उकिडवं बसा. टाचा जमिनीला टेकून आरामात बसता आलं तर घोटा बरा वाकतो. टाचा उचलल्या तर घोटा ताठ आहे. स्कीचा बूट मुळातच पुढे झुकलेला असतो. ताठ घोट्याला तो कोन झेपत नाही, मग टाच आत उचलत राहते. अशा पायाला बुटात टाचेखाली ३ ते ६ मिलिमीटरची पाचर घातली की फरक पडतो. ही पाचर आणि कमानीचा आधार मी गंजगोलाईजवळ बसणाऱ्या एका चपला शिवणाऱ्या काकांकडून दाट फोम कापून घेतला. बर्फावर घसरायला जातोय हे ऐकून ते म्हणाले, "पैसे देऊन घसरायलाव?" पण तुकडे एकदम बेताचे कापले, कडा तिरक्या घासून. फोम मऊ गादीसारखा नको. मऊ फोम दाबून शून्य होतो, शिवाय जागा खातो.

टाचांच्या भेगा ही आपली खास अडचण. कोरड्या हवेत अनवाणी आणि चपलेत फिरून त्या पडतात. घट्ट लायनरमध्ये घाम आला की भेगेच्या कडा उकलतात, रक्तही येतं. निघण्याआधी तीन आठवडे रोज रात्री कोमट पाण्यात पाय, वज्रीने हलकं घासणं, व्हॅसलीन आणि वर मोजे. जायच्या दोन-तीन दिवस आधी नखं सरळ रेषेत कापा. त्याच सकाळी खोल कापली तर कोपरा दुखरा राहतो.

मोजे. एकच जोडी घालायची, पातळ, गुडघ्यापर्यंत, लोकरीची किंवा सिंथेटिक. सुती मोजा घाम धरून ठेवतो आणि ओल्या पायाला थंडी आधी गाठते. दोन मोजे एकावर एक घातले की आत घड्या पडतात, बोटांना जागा राहत नाही, रक्त कमी पोचतं, म्हणजे दोन मोज्यांनी पाय जास्त गार पडतो. हे कुणालाच पटत नाही. परभणीचा पारा डिसेंबरात कधी पाच अंशांखाली जातो तेव्हा आपण सगळेच दोन-दोन मोजे घालतो ना! तिथे सैल बूट असतो म्हणून चालतं. खास स्कीचे मोजे महाग वाटले तर फुटबॉलवाल्यांचे पातळ लांब मोजे तात्पुरते चालतात, टाचेशी जाड शिवण नाही एवढं बघा.

शुगर असलेल्यांनी, पायाची संवेदना कमी झालेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं. ज्या पायाला टोचलेलं कळत नाही, त्याला या बुटात दिवसभर ठेवणं धोक्याचं.

बूट निवडताना

रांगेत पुढे उभे राहा, हा पहिला सल्ला. मधले नंबर आधी संपतात.

बहुतेक कंपन्यांत २६ आणि २६.५ चं कवच एकच असतं, फरक आतल्या सोलाचा किंवा लायनरचा. म्हणून अर्ध्या नंबरासाठी भांडत बसू नका, पूर्ण नंबर चुकू देऊ नका.

आता खरी परीक्षा, आणि ही कुणी स्वतःहून करून देत नाही. लायनर बाहेर ओढून काढा. नुसत्या शेलमध्ये पाय घाला, बोटं पुढच्या भिंतीला हलकेच टेकवा, गुडघा थोडा वाकवा आणि टाचेमागे किती फट राहते ते बघा. मी खिशात तीन साध्या पेन्सिली ठेवतो. पेन्सिल साधारण ७ मिलिमीटर जाड असते. दोन पेन्सिली शेजारीशेजारी सहज बसल्या आणि तिसरी अडकली, म्हणजे फट दीड-दोन सेंटिमीटरची, तर नवशिक्यासाठी बूट बरोबर. तिन्ही खेळत्या राहिल्या तर परत द्या. एकच बसली तर तो शर्यतवाल्यांचा बूट.

लायनर परत घालून, मोजा चढवून, बकलं लावून ताठ उभे राहिलात की बोटं पुढे टेकलीच पाहिजेत. इथे माणूस घाबरतो आणि बूट काढतो. थांबा, गुडघे पुढे वाका. वाकलात की टाच मागे बसते आणि बोटं भिंतीपासून सुटतात. स्की करताना तुम्ही वाकलेलेच असता. ताठ उभं राहून बूट ठरवणं म्हणजे बसून पँटची उंची ठरवण्यासारखं. जोड दहा-पंधरा मिनिटं पायात ठेवा. सगळीकडून सारखं आवळल्यासारखं वाटणं चांगलं. एकाच ठिकाणी टाचणी टोचल्यासारखं होत असेल तर ते उतारावर दहापट होईल.

कडकपणाचा आकडा, फ्लेक्स, बुटावर लिहिलेला असतो. शिकणाऱ्या बायकांना ६० ते ८०, पुरुषांना ७० ते ९० पुरे. अंगाने भारी असाल तर थोडा वरचा. कंपनीगणिक हा आकडा बदलतो, त्यामुळे फार जीव टाकू नका.

बकलं सगळी लागतात का, दोन्ही बूट एकाच नंबरचे आहेत का, लायनर ओला किंवा फाटका नाही ना, हे हातासरशी बघा. आणि एक गोष्ट विसरू नका: टाचेजवळ मिलिमीटरमध्ये तीन आकडी लांबी कोरलेली असते, ३०५ किंवा ३१५ अशी. स्कीची बाइंडिंग, म्हणजे पडल्यावर बूट सोडून देणारी पकड, त्या लांबीवर आणि तुमच्या वजन-उंची-वयावर बसवतात. मध्येच बूट बदलला तर बाइंडिंग पुन्हा बसवून घ्या. वजन खरं सांगा. इथे चार किलो लपवले तर त्याचा हिशेब गुडघा चुकता करतो.

घालायची रीत

थंड प्लास्टिक कडक होतं, तेव्हा बूट खोलीतच घाला, बाहेर बर्फात बसून नव्हे. सगळी बकलं पूर्ण उघडा, जीभ पुढे ओढून किंचित बाजूला करा, शेलचे दोन्ही पदर हातांनी फाकवा आणि पाय आत सरकवा. जीभ मधोमध आणा. थर्मलची पँट बुटात खोचायची नाही, ती बुटाच्या काठाच्या वरच संपली पाहिजे. बुटात नडगीला लागतो फक्त मोजा. मोज्याची एक घडीसुद्धा तासाभरात फोड आणते.

मग टाच जमिनीवर दोन-तीनदा मागे धाडकन आपटा, बूट मागून भरला पाहिजे. उभे राहा, गुडघे पुढे दाबा आणि दाबलेल्या अवस्थेतच घोट्यावरचं बकल लावा, कारण टाच धरून ठेवणारं तेच. मग नडगीवरची दोन, मग वरचा पट्टा. पंजावरची बकलं शेवटी, आणि ती फक्त बंद होतील इतकीच. त्यांचं काम कवच मिटवणं, पाय चेपणं नव्हे. बकलाचा दांडा फिरवला की तो मिलिमीटरने लांब-आखूड होतो. एक खाच सैल आणि पुढची घट्ट असेल तर याने मधलं माप साधता येतं. हे मला दुसऱ्या कोर्सला कळलं, पहिल्यात मी दात-ओठ खाऊन खाचा ओढत होतो.

पहिल्या दोन उतारांनंतर लायनर गरम होऊन दबतो, तेव्हा नडगीची बकलं एक खाच आवळा. गोंडोल्यात, म्हणजे वर नेणाऱ्या केबल कारमध्ये, किंवा रांगेत थांबताना ती सैल करा, रक्त फिरू द्या.

कुठे दुखतंय त्यावरून

नडगी. सगळ्यात जास्त तक्रार हीच, आणि बहुतेक वेळा दोष बुटाचा अर्धाच. खुलताबादहून दौलताबादचा घाट पायी उतरताना आपण नकळत मागे रेलतो, शरीराला तेच सुरक्षित वाटतं. स्कीवर मागे रेललं की नडगी जिभेपासून सुटते आणि प्रत्येक खड्ड्यात धाडकन येऊन आदळते. वरची बकलं आणि पट्टा आवळा, मोजा सारखा करा आणि नडगी कायम जिभेला टेकलेली ठेवा. टेकलेली नडगी दुखत नाही.

बोटांची टोकं, काळी नखं. बूट लांब आहे किंवा टाच उचलतेय. घोट्याचं बकल आवळून पाहा, टाचेखाली पाचर घालून पाहा, नाही जमलं तर लहान नंबर मागा.

बोटं बधिर. पंजावरची बकलं पूर्ण उघडून एक उतार करा. गेलं तर कारण सापडलं. नाही गेलं तर घोट्यावरचं बकल अर्धी खाच सैल करा, मोजा पातळ घाला. बधिरपणासोबत बोटं पांढरी, मेणासारखी दिसली तर आत जा, बूट काढा, अंगाच्या उबेने किंवा कोमट पाण्याने गरम करा. चोळायचं नाही, शेगडीजवळ धरायचं नाही. बधिर बोटाला भाजलेलं कळत नाही. संवेदना परत येत नसेल तर डॉक्टर गाठा.

तळव्यात गोळे. भीतीने माणूस बुटात बोटांनी जमीन धरायला बघतो. दिवसभर आवळलेल्या बोटांनी तळवा पेटतो. कमानीचा आधार घाला आणि उतरताना मधूनमधून बोटं हलवून बघा. हलली म्हणजे सुटली.

घोट्याचं हाड. दुखऱ्या हाडावर फोम चिकटवणारे बरेच भेटतात, त्याने दाब वाढतो. फोमची चकती कापून मध्ये भोक पाडा आणि हाड भोकात येईल अशी लायनरच्या बाहेरून टेपने चिकटवा. दाब हाडाभोवती वाटला जातो.

करंगळीच्या मुळाशी. बूट अरुंद. भाड्याचा असेल तर दुसरा मागा. स्वतःचा असेल तर जाणता कारागीर शेल गरम करून तेवढ्याच जागी फुगवून देतो. घरी गॅसवर किंवा मेणबत्तीवर हा प्रयोग नको.

पोटरी. बायकांची पोटरी बहुधा खालपासून भरते आणि पुरुषांच्या बुटाचा उंच काठ तिच्यात रुततो. बायकांच्या बुटाचा काठ बुटका आणि रुंद असतो, तोच मागा. नसेल तर टाचेखालची पाचर पोटरीला थोडी वर उचलते.

रात्री

लायनर रोज रात्री बाहेर काढा, आत रद्दीचे बोळे कोंबा, दोन तासांनी बदला. काश्मिरात खोलीत बुखारी, म्हणजे खोली गरम ठेवणारी शेगडी, असते, तिच्या फार जवळ लायनर ठेवला तर फोमचा आकार बिघडतो. हात ठेवून सहन होईल तेवढ्या उबेला ठेवा. सकाळी डावा-उजवा बघून घाला. हसू नका, अख्ख्या खोलीचे लायनर ओळीने वाळत असतात आणि सकाळी सहाला कुणाला डोळे उघडायचे असतात.

स्वतःचे घ्यायचे तर

दोन हिवाळे भाड्याचे वापरल्याशिवाय घेऊ नका. तोवर आपला पाय कुठे ओरडतो ते कळलेलं असतं. ऑनलाइन डोळे झाकून मागवू नका. जिथे शेलमध्ये पाय घालून बघता येतो आणि लायनर गरम करून पायावर बसवून देतात तिथे घ्या. जोडीचं वजन तीन-चार किलो भरतं. सचखंडने दिल्लीला जाताना मी ते बर्थवर उशाला घेतो, बॅगेत जागाही वाचते आणि चोरीची काळजीही.

उन्हाळ्यात पत्र्याखालच्या माळ्यावर ठेवू नका. लातूरच्या मे महिन्यात तिथे लायनरचा डिंक सुटतो आणि उंदरांना फोम फार आवडतो. पूर्ण वाळवून, बकलं पहिल्या खाचेवर लावून, आत रद्दी आणि कडुनिंबाचा वाळला पाला घालून कपाटाच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात. माझे तिथेच आहेत, आईच्या पैठणीच्या खाली. तिने पहिल्यांदा बघितले तेव्हा आत हात घालून म्हणाली, "एवढे आवळ? एक नंबर मोठे नव्हते का?"